धुराड्याची झडप : निवड आणि निगा

घरांत अग्नि पेटविला कीं दोन गोष्टी एकदम जन्मास येतात : ऊब आणि धूर. पहिली हवीशी, दुसरी नकोशी. परंतु एकीला घरांत ठेवून दुसऱ्याला बाहेर घालविणें हें काम मनुष्यास शतकानुशतकें नीटसें साधलें नाहीं. आपल्याकडील स्वयंपाकघरांतून धूर कौलांच्या फटींतून आणि उंच झरोक्यांतून वाट काढी, आणि त्याची किंमत घरांतील बायकांचे डोळे देत. थंड देशांतील लोकांनीं भिंतींतच आगटी बांधली आणि तिच्या डोक्यावर थेट छपराबाहेर जाणारें धुराडें उभारलें. धुराची सोय लागली. पण ज्या वाटेनें धूर जातो त्याच वाटेनें ऊबही जाते, आणि आग विझली तरी ती वाट उघडीच राहते. ह्या वाटेला जें दार बसवितात तीच धुराड्याची झडप. इंग्रजींत तिला डँपर म्हणतात.

हा विषय मराठी श्रोत्यांना दूरचा वाटेल हें खरें. पुण्यामुंबईच्या घरांत भिंतींतील आगटी कोण पाहतो? परंतु आज न्यू जर्सी, शिकागो, टोरांटो आणि लंडन येथें अनेक मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत. कोणाचा मुलगा तेथें आहे, कोणाची लेक. जुनें घर विकत घेतलें कीं त्याबरोबर आगटीही येते, आणि पहिल्याच हिंवाळ्यांत प्रश्न उभा राहतो : ही लोखंडी झडप गंजली आहे, नीट मिटत नाहीं, नवी कोणती बसवावी? दुकानांत प्रकार पुष्कळ, आणि विकणारा प्रत्येकाची तोंड भरून स्तुति करणारा. प्रश्न दिसण्यांत किरकोळ आहे. पण त्यांत इंधनाचा खर्च गुंतलेला आहे, आणि खर्चाहून मोठी गोष्ट, म्हणजे घरांत निजलेल्या माणसांचा जीवही गुंतलेला आहे.

निवड कळण्यासाठीं प्रथम धुराडें कसें चालतें तें पाहिलें पाहिजे. धुराडें धूर ओढून घेतें असें आपण म्हणतों. वस्तुतः तें कांहींच ओढीत नाहीं. तापलेली हवा हलकी होते, एवढाच तो चमत्कार. शून्य अंश सेंटिग्रेड उष्णतामानाची एक घनमीटर हवा सुमारें १.२९ किलोग्रॅम भरते. तेवढीच जागा व्यापणारी दोनशें अंश तापलेली हवा पाऊण किलोग्रॅमच्या आसपास असते. बाहेरची जड हवा खालून रेटा देते, आणि नळींतील हलकी हवा वर सरकते. नळी जितकी उंच आणि तिच्यांतील वायु जितका ऊन, तितका हा रेटा जोरकस. ह्याच नियमाची दुसरी बाजू अशी कीं, आग नसतांनाही हिंवाळ्यांत खोलींतील हवा बाहेरच्या हवेहून ऊन असते. म्हणून उघडें धुराडें रात्रंदिवस, कोणी न सांगतां, घरांतील ऊब आकाशास अर्पण करीत राहतें.

हा अपव्यय किती असतो? अमेरिकेच्या ऊर्जा-खात्यानें असें सांगितलें आहे कीं, उघडी आगटी जळत असतां ताशीं २४,००० घनफूटांपर्यंत हवा बाहेर फेंकते. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलींत १,४४० घनफूट हवा मावते. म्हणजे अशा सोळांहून अधिक खोल्या दर तासाला रित्या होतात, आणि त्यांची भरपाई दारांखिडक्यांच्या फटींतून येणारी गारठलेली हवा करते. आगटीपुढें बसलेल्याचे गुडघे शेकतात, पण मागच्या खोलींतली म्हातारी कुडकुडते, ह्याचें कारण हेंच. आग पेटलेली असतां हा खर्च सोसावाच लागतो, कारण धूर तर गेला पाहिजे. आग नसतां मात्र तो सोसण्याचें कांहींच प्रयोजन नाहीं. आणि झडपेचा जन्म ह्याच विचारांतून झाला आहे.

ह्या विचारामागें दोन नांवें विशेष स्मरणांत ठेवण्यासारखीं आहेत, आणि दोघेही मूळचे अमेरिकेंत जन्मलेले. पहिले बेंजामिन फ्रँक्लिन. राजकारण, मुद्रण आणि विद्युत् ह्यांच्या जोडीला धुराड्यांचाही त्यांना मोठा नाद होता. लंडनमध्यें राहत असतां १७५८ सालीं जेम्स बोडोइन ह्या मित्रास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं आगटीच्या वर मागेंपुढें सरकणाऱ्या एका लोखंडी पत्र्याची युक्ति वर्णिली आहे. पत्रा सरकवून वाट हवी तेवढीच उघडी ठेवावी, म्हणजे धूर जातो आणि ऊब पुष्कळ अंशीं राहते, असा तिचा मतलब. दुसरे बेंजामिन टॉम्प्सन, ज्यांना जग काउंट रमफर्ड म्हणून ओळखतें. १७९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, त्या काळच्या धुराड्यांचा कंठ, म्हणजे आगटीच्या लगत वरचा भाग, अकारण रुंद ठेवलेला असे. तो त्यांनीं चार इंचांवर आणला, आगटीच्या बाजूच्या भिंती तिरप्या केल्या, आणि धूर कमी होऊन ऊब वाढली. कंठ अरुंद झाल्यावर तो मिटविण्यास लहानशी झडपही पुरेशी झाली. पुढें एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील घरांतून ज्या बिडाच्या आगट्या बसविल्या गेल्या, त्यांच्यापैकीं पुष्कळांत अशी झडप अंगचीच असे.

आतां आजच्या झडपांकडे वळावयाचें. त्यांचे मुख्य प्रकार दोनच : एक कंठाशीं बसणारी, दुसरी धुराड्याच्या माथ्यावर बसणारी. बाकीचीं सारीं ह्यांचींच रूपांतरें, किंवा तात्पुरते उपाय.

कंठाशीं बसणारी झडप ही जुनी आणि सर्वपरिचित. आगटीच्या तोंडाच्या वरच्या कडेपासून कांहीं इंच उंचीवर बिडाची किंवा पोलादाची चौकट असते आणि तिच्यांत बिजागरीवर फिरणारें पातें असतें. अमेरिकेंतील बांधकामाच्या नियमावलींत हें अंतर निदान आठ इंच ठरविलें आहे. आंत हात घालून दांडा ढकलला, किंवा बाहेरची मूठ फिरविली, कीं पातें उघडतें. हिचे गुण म्हणजे साधेपणा आणि हाताशीं असणें. विजेरीचा उजेड टाकला तर पातें उघडें आहे कीं मिटलेलें, हें डोळ्यांनीं पाहतां येतें. दोष असा कीं लोखंडावर लोखंड टेंकतें, आणि असा सांधा हवेस पुरता अडवूं शकत नाहीं. वर्षानुवर्षें तापून आणि निवून पातें वाकडें होतें, पावसाच्या पाण्यानें गंजतें, काजळीच्या खपल्या चौकटींत अडकतात, आणि मग झडप नांवापुरती मिटते. शिवाय ती बांधकामांत चिणलेली असल्यामुळें बदलावयाची म्हटली तर बहुधा गवंडी बोलावून विटा काढाव्या लागतात.

माथ्यावर बसणाऱ्या झडपेची रचना निराळी. धूरनळीच्या वरच्या टोंकावर धातूचें झांकण बसवितात आणि त्याच्या कडेला उष्णता सोसणारी सिलिकोन रबराची पट्टी असते. झांकणास न गंजणाऱ्या पोलादाची तार जोडलेली असते; ती नळींतून खालीं उतरते आणि आगटीच्या बाजूच्या भिंतीवर एका खुंटींत अडकविलेली असते. तार ओढून अडकविली कीं झांकण मिटतें. सोडली कीं स्प्रिंगेच्या जोरानें उघडतें. रबरी पट्टीमुळें ही झडप कंठाच्या झडपेपेक्षां पुष्कळच घट्ट बसते. पाऊस, पालापाचोळा, खारी आणि पक्षी ह्यांसही ती मिटलेली असतां मज्जाव होतो. आणखी एक लाभ असा कीं, घरांतील ऊब नळींत वरपर्यंत राहते. त्यामुळें पुढच्या वेळीं आग पेटवितांना नळी अगदीं गारठलेली नसते आणि धूर खोलींत उलटण्याचें प्रमाण कमी होतें. हिचे दोषही आहेत. बर्फ पडणाऱ्या मुलुखांत झांकण थिजून अडकूं शकतें, दुरुस्तीसाठीं छपरावर चढावें लागतें, आणि झांकण डोळ्यांआड असल्यामुळें तें उघडलें कीं नाहीं हें तारेवरूनच ताडावें लागतें.

ह्या प्रकारांत निवड करतांना एक कसोटी सर्वांत महत्त्वाची मानावी : तार तुटली तर झांकण काय करतें? चांगल्या बनावटीच्या झडपेंत स्प्रिंग अशी योजलेली असते कीं, तार तुटतांच झांकण उघडेंच राहावें. उघडें राहिलें तर ऊब जाईल, जळणाचे चार पैसे जातील. जळत्या आगीवर मिटलें तर मात्र काय जाईल हें सांगावयास नको. ह्या दोन नुकसानांची तुलनाच होऊं शकत नाहीं. म्हणून बिघडली असतां जी उघडी राहते ती झडप शहाणी, आणि बिघडली असतां जी मिटते ती कितीही सुबक असली तरी घरांत आणूं नये.

जेथें आगटी क्वचितच पेटते, तेथें तिसरा उपाय पुरतो. इंग्लंडांत पुष्कळ ठिकाणीं आगटी नुसती शोभेची उरली आहे. तेथें धुराड्याच्या कंठांत लोकरीच्या नमद्याचा जाड बोळा किंवा हवा भरून फुगविण्याची पिशवी बसवितात. ह्यांत खर्च थोडा आणि गवंड्याचें काम नाहीं. मात्र बोळा तसाच ठेवून कोणी आग पेटविली तर अनर्थ होईल. म्हणून त्याची मूठ किंवा लाल फीत आगटीच्या तोंडापुढें स्पष्ट लोंबती ठेवावी. पाहुण्यालाही ती दिसावी, कारण घरच्या माणसास जें ठाऊक असतें तें पाहुण्यास नसतें.

आगटींत लांकूड न जाळतां गॅसचे कृत्रिम ओंडके पेटविण्याची चाल अमेरिकेंत बरीच पसरली आहे. येथें नियम उलटा होतो. लांकडाची आग विझली कीं झडप मिटावी. पण धुराड्यांतून वायु सोडणारी गॅसची आगटी असेल तर झडप पुरती मिटूंच नये अशी तजवीज करावी लागते. ह्यासाठीं पात्यास एक लहानसा लोखंडी अडसर कायमचा कसतात, किंवा पातेंच काढून टाकतात. कारण उघड आहे. लांकडाचा धूर डोळ्यांस झोंबतो आणि माणसास सावध करतो; गॅसची ज्योत धूर न करतां जळते, आणि झडप मिटलेली असली तरी कोणासही चाहूल लागत नाहीं. म्हणून दुकानदारास पहिला प्रश्न ‘झडप केवढ्याला?’ हा न विचारतां, गृहस्थानें स्वतःसच विचारावें कीं, ह्या आगटींत काय जळणार आहे, आणि किती वेळां.

मापाविषयीं चार शब्द सांगणें जरूर आहे, कारण बहुतेक चुका तेथेंच होतात. अमेरिकेंतील रूढ नियमाप्रमाणें चौकोनी धूरनळीचें आंतील क्षेत्रफळ आगटीच्या तोंडाच्या क्षेत्रफळाचा निदान दहावा हिस्सा असावें. नळी वाटोळी असेल तर बारावा हिस्सा चालतो. उदाहरणार्थ, आगटीचें तोंड ३६ इंच रुंद आणि ३० इंच उंच असेल तर त्याचें क्षेत्रफळ १,०८० चौरस इंच झालें; चौकोनी नळींत निदान १०८ चौरस इंच मोकळी वाट हवी. झडप पुरती उघडली असतां तीही ह्याहून अरुंद असूं नये. नाहींतर मोठ्या नळीच्या तोंडाला बूच मारल्यासारखें होऊन धूर खोलींत परतेल. कंठाच्या झडपेसाठीं आगटीच्या तोंडाची रुंदी मोजतात. माथ्याच्या झडपेसाठीं नळीच्या मातीच्या अस्तराचें आंतील आणि बाहेरील अशीं दोन्ही मापें घ्यावीं लागतात. हें माप जमिनीवरून अंदाजानें घेण्याचें नव्हे. धुराडीं साफ करणाऱ्या कसबी कारागिराकडून वर चढून घ्यावें, आणि त्याच खेपेस नळीला तडे गेले आहेत काय, काजळी किती सांचली आहे, हेंही पाहून घ्यावें. माथ्यावर नवी झडप बसविली तर कंठाची जुनी झडप काढून टाकावी किंवा उघड्या स्थितींत पक्की करावी. एका वाटेला दोन दारें असलीं कीं कोणतें उघडें आणि कोणतें बंद, ह्याचा घोळ झाल्यावांचून राहत नाहीं.

येथवर खर्चाचा विचार झाला, आतां जिवाचा. निखारे धुमसत असतां कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूशीं जितक्या ओढीनें बद्ध होतें, त्याच्या दोनशें पटींहून अधिक ओढीनें तें ह्या वायूशीं बद्ध होतें; त्यामुळें श्वास चालू असतांही शरीर गुदमरतें. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, मग गुंगी येते. आणि निजलेल्या माणसास तर ह्यांतील कांहींच कळत नाहीं. रशियांतील घरांत मोठ्या विटांच्या भट्ट्या असतात. लांकडें जळून गेल्यावर त्यांची झडप मिटून विटांतील ऊब रात्रभर राखण्याची तेथें रीत आहे. निखाऱ्यांवर निळसर ज्योत खेळत असतांच कोणी घाई करून झडप मिटली तर घरांतील माणसांस ह्या वायूची बाधा होते, आणि ह्या बाधेला रशियन भाषेंत ‘उगार’ असा स्वतंत्र शब्दच आहे. ज्या संकटाला घरगुती भाषेंत नांव मिळतें तें किती घरांतून येऊन गेलें असेल, ह्याची कल्पना करावी.

फ्रान्सचे विख्यात कादंबरीकार एमिल झोला ह्यांचा अंतही असाच झाला. १९०२ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस ते पत्नीसह पॅरिसमधील आपल्या घरीं परतले. थंडी होती म्हणून निजावयाच्या खोलींत आगटी पेटविण्यांत आली. धुराड्याची वाट तुंबलेली होती आणि खोलीचीं दारेंखिडक्या मिटलेलीं होतीं. २९ सप्टेंबर रोजीं सकाळीं झोला मृतावस्थेंत आढळले. पत्नी मात्र वांचल्या. तो अपघात कीं घातपात, हा वाद पुढें पुष्कळ दिवस चालला. तेथें दोष झडपेचा नव्हता. परंतु निखारे आंत आणि वाट बंद, एवढें जुळून आलें कीं वाट कशामुळें बंद झाली ह्याला त्या वायूच्या लेखीं महत्त्व नसतें.

म्हणून झडप कोणतीही निवडली तरी तिच्याबरोबर थोडी शिस्तही घरांत आणावी लागते. आग पेटविण्यापूर्वीं झडप उघडावी, आणि विजेरीनें किंवा आरशानें वर पाहून ती उघडल्याची खात्री करून घ्यावी. मग कागदाची एक सुरळी पेटवून कंठाशीं धरावी; ज्योत आणि धूर वर गेले तर वाट मोकळी आहे, खोलीकडे वळले तर नळी थंड आहे किंवा अडली आहे. आजकालचीं घरें इतकीं घट्ट बांधलेलीं असतात कीं, स्वयंपाकघरांतील हवा बाहेर फेंकणारा पंखा चालू असतां धुराड्यांतून हवा उलट खालीं येऊं शकते. अशा वेळीं पंखा बंद करून एखादी खिडकी बोटभर उघडावी. रात्रीं निजतांना ज्योत दिसत नाहीं म्हणून झडप मिटूं नये. राखेखालीं निखारे कित्येक तास जिवंत राहतात. दुसऱ्या दिवशीं राख पुरती थंड झाल्याचें पाहूनच झडप मिटावी. एका रात्रीची ऊब गेली तर ती गेली म्हणावें. वर्षांतून एकदां धुराडें साफ करून घ्यावें, आणि निजण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा बसवावी. जो वायु माणसास दिसत नाहीं तो त्या लहानशा यंत्रास कळतो.

इकडच्या श्रोत्यांनींही ही गोष्ट परकी समजूं नये. पुण्यामुंबईंत आगटी नाहीं, पण लहानशा न्हाणीघरांत गॅसचा बंब आहे; आणि गार वारा येतो म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावून तो बुजविण्याची संवयही आहे. उत्तरेकडे थंडीच्या दिवसांत कोळशाची शेगडी आंत घेऊन दारें लावून निजणारीं कुटुंबें आहेत. न्हाणीघराचा झरोका आणि धुराड्याची झडप हीं एकाच कामाचीं दोन दारें होत. गॅसचा बंब चालू असतां झरोका बुजविणें, आणि निखारे धुमसत असतां झडप मिटणें, ह्या दोहोंत कांहीं फरक नाहीं.

एकंदरींत, आगटी वारंवार पेटत असेल आणि जुनी झडप धड असेल तर तीच साफसूफ करून वापरावी. जुनी गंजून निकामी झाली असेल तर माथ्यावर बसणारी, तार तुटली असतां उघडी राहणारी झडप घ्यावी. आगटी केवळ शोभेची असेल तर लोंबत्या खुणेचा बोळा पुरे. आणि गॅसचे ओंडके असतील तर पातें उघड्या स्थितींत कायमचें कसावें. दुकानांत घट्ट मिटणाऱ्या झडपेची प्रौढी फार ऐकूं येते, आणि ती खोटी नाहीं. पण चांगल्या झडपेचें खरें लक्षण ह्याहून निराळें आहे : ती उघडी आहे कीं मिटलेली, हें घरांतील लहानथोरांस तत्काळ कळावें, आणि तिच्या हातून चूक झालीच तर ती पैशाच्या नुकसानीची व्हावी, जिवाच्या नव्हे.